एतिहादवर हरलो म्हणून लीग गेली, हे मला मान्य नाही

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगचं, विजेतेपद पहिल्या दोन संघांच्या आपसातल्या सामन्यांत ठरतं का, आणि नव्यानं बघायला लागलेल्यानं कोणता संघ धरावा.

पहिल्याचं उत्तर: नाही. मी लिव्हरपूल संघाचा चाहता आहे आणि २०१९ पासून हेच माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, सांगतोय.

३ जानेवारी २०१९ चा लिव्हरपूल-मँचेस्टर सिटी सामना, सिटीच्या एतिहाद मैदानावरचा, आपल्याकडे रात्री दीडला होता, म्हणजे ४ तारीख लागलेली. अमळनेरजवळ आमचं शेत आहे. त्या आठवड्यात थ्री-फेज लाइट रात्रीची होती, म्हणून मी आणि दादा गव्हाला पाणी भरायला थांबलो होतो. संध्याकाळी भरीत आणि कळण्याची भाकरी झाली होती, शेकोटी पेटलेली होती आणि मोबाइल मोटारीच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. दादा मँचेस्टर युनायटेडचा. सिटी त्याच्या शहरातला वैरी, तरी त्या रात्री तो सिटीच्या बाजूनं बसला होता, कारण लिव्हरपूल जिंकू नये एवढंच त्याला हवं होतं. तेव्हा युनायटेडची विजेतेपदं २० होती, आमची १८.

आम्ही ७ गुणांनी पुढे होतो (जिंकलं की ३ गुण, बरोबरीला १). जिंकलो असतो तर १० झाले असते. अठराव्या मिनिटाला आमच्या सादिओ मानेचा फटका गोलच्या खांबाला लागला, आणि सिटीच्या स्टोन्सनं चेंडू रेषेवरून काढला तेव्हा तो पूर्ण आत जायला जेमतेम एक सेंटिमीटर उरला होता. मी हातातलं फावडं टाकून ओरडत उठलो, पण गोल नव्हता. मग सिटीच्या अग्वेरोनं केला, आमच्या फिर्मिनोनं फेडला आणि ७२ व्या मिनिटाला सिटीच्याच सानेनं सामना नेला. २-१. दादा वाफ्याकडे जाता जाता म्हणाला, "तुमनी टीम हारी गयी, आते लीग बी गयी. मानी ले भाऊ."

मी मानलं नाही. आजही मानत नाही.

कारण त्या हारेनंतरही आम्ही ४ गुणांनी पुढे होतो. २९ जानेवारीला सिटी न्यूकॅसलकडे हरली. दुसऱ्या दिवशी आम्ही घरच्या मैदानावर लेस्टरला हरवलं असतं तर फरक ७ चा झाला असता. मानेनं तिसऱ्याच मिनिटाला गोल केला, आणि तरी १-१. पुढे वेस्ट हॅमशी १-१. २४ फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्डवर, त्यांच्याच मैदानावर, युनायटेडनं दुखापतींमुळे तिन्ही बदली खेळाडू मध्यंतराआधीच वापरले होते, त्यांचा रॅशफर्ड लंगडत खेळत होता, आणि आम्हाला एक गोल करता आला नाही. हा सामना मला एतिहादपेक्षा जास्त लागतो. मग ३ मार्चला एव्हर्टन, पुन्हा ०-०, आणि सिटी आमच्यापेक्षा एका गुणानं पुढे गेली.

एव्हर्टन नीट समजून घ्या. आमचं मैदान ॲनफिल्ड आणि त्यांचं तेव्हाचं गुडिसन पार्क यांच्यामध्ये फक्त एक स्टॅनली पार्क, एक मैलसुद्धा अंतर नाही. विजेतेपदाशी त्यांचं काही घेणंदेणं नव्हतं. पण बांधाला बांध लागलेल्या शेतकऱ्याला शेजाऱ्याचं पीक आपल्याआधी बाजारात गेलेलं सोसत नाही, तसं त्यांचं होतं. बरोबरीची शिट्टी वाजली आणि त्यांचे लोक कप जिंकल्यासारखे नाचले. शर्यतीत नसलेला वैरीच जास्त गुण खातो, त्याला गमवायचं काही नसतं.

शेवटी सिटी ९८, आम्ही ९७. अख्ख्या हंगामात आमची हार एकच, त्यांच्या चार! त्यांनी शेवटचे चौदाच्या चौदा सामने जिंकले. ६ मेला लेस्टरविरुद्ध सिटीच्या कोंपनीनं लांबून मारलेला गोल तुम्ही पाहिला असेलच. आमच्या त्या चार बरोबऱ्यांतली एक जरी जिंकलो असतो तरी ९९ झाले असते.

दादा म्हणतो, एतिहादवर नुसती बरोबरी केली असती तरी तुम्ही ९८ आणि सिटी ९६ वर राहिली असती. त्याचं गणित बरोबर आहे. पण मग पुढचं वर्ष बघा. २ जुलै २०२० ला सिटीनं आम्हाला ४-० मारलं आणि काहीही बिघडलं नाही, कारण आठवडाभर आधीच, २५ जूनला, चेल्सीनं सिटीला हरवल्यावर ३० वर्षांनी लीग आमची झाली होती. ९९ गुण, सिटी १८ नं मागे. लहानमोठ्या सगळ्यांकडून गुण गोळा केले की मोठ्याकडून खाल्लेला मार पचतो. लीग जिंकल्याचा तो फोन मी दादाला रात्री पावणेतीनला लावला होता. त्यानं उचलला नाही.

एक मात्र मान्य करतो, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. २०११-१२ ला हे लागू होत नाही. सिटीनं युनायटेडला ६-१ आणि १-० असं दोन्ही वेळा हरवलं, दोघांचे गुण ८९, निकाल गोलफरकावर, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. तिथे आपसातल्या सामन्यांनीच लीग फिरवली.

संघाचं म्हणाल तर कुणाचं ऐकून धरू नका. चारेक महिने सगळ्यांचे सामने बघा. ज्याच्या बरोबरीनं तुमची झोप उडेल तो तुमचा. सध्या जिंकतोय म्हणून धरलेला संघ मला पटत नाही, आणि हे दादालाही सांगतो, त्यानं युनायटेड तसाच धरला होता. आता २०२५ पासून दोन्हीकडे २०-२० आहेत. गव्हाच्या पुढच्या पाण्याला आम्ही दोघं परत शेतात असू, तेव्हा एव्हर्टनच्या त्या सामन्याचं काय ते त्यानं सांगावं.