खापर फोडायच्या आधी

अगं पोरी,

तुझा भाषणाचा ड्राफ्ट वाचला, दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चष्मा लावून. तीन पानांत "यांच्यामुळेच", म्हणजे दिल्लीतल्या सरकारमुळेच, हा शब्द इतक्या वेळा आलाय की मी मोजायचं सोडून दिलं. मंदी आली यांच्यामुळेच, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतले कारखान्यांचे शेड बंद पडले यांच्यामुळेच, कांदा मातीमोल झाला यांच्यामुळेच. ज्यांच्यासाठी लिहितेयस ते खूष होतील, टाळ्या पण पडतील, पण तू माझ्याकडे पाठवलंस म्हणजे टाळ्यांपलीकडचं काहीतरी हवंय असं धरून लिहितो.

आधी माझीच फजिती सांगतो. २०१७ च्या दिवाळीत माझ्या शेडमध्ये पत्र्याचे पार्ट काढायचे दोन पॉवर प्रेस धूळ खात उभे होते, आणि मी चहाच्या टपरीवर, लग्नात, जिथे चार डोकी दिसतील तिथे जीएसटीला शिव्या घालत होतो, की बघा एक जुलैला टॅक्स आला आणि आमचा धंदा बसला. मग एक दिवस अकाउंट बघणारी मुलगी सेल रजिस्टर घेऊन आली, टेबलावर उघडून ठेवलं आणि काही न बोलता मार्चच्या पानावर बोट ठेवलं. माल मार्चपासूनच कमी जात होता. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाने एक ब्रॅकेट पत्र्याचं काढून प्लास्टिकचं केलं होतं, एवढीच गोष्ट, आणि मला दुसरं गिऱ्हाईक शोधायला हवं होतं ते मी शोधलं नाही. जीएसटीने त्रास दिलाच, रिटर्न भरता भरता जीव मेटाकुटीला यायचा, रिफंड अडकायचा, ते खोटं नाही. पण प्रेस बंद पडले ते त्याच्यामुळे नाही.

तेव्हापासून सवय लागली. कोणी म्हटलं अमक्यामुळे झालं की मी विचारतो, निर्णय कोणता, तारीख कोणती, आणि तेव्हा त्याच्या हातात दुसरं काय करण्यासारखं होतं?

आता नोटाबंदी घे. ८ नोव्हेंबर २०१६, रात्री आठची घोषणा, चलनातल्या किमतीच्या जवळपास ८६ टक्के नोटा एका रात्रीत रद्द. नव्या पाचशेच्या नोटा आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापत होते आणि आपणच एटीएमच्या रांगेत, याच्यावर तेव्हा किती हसलो होतो, हसलो म्हणजे रडायचं राहिलं होतं म्हणून. माझा हेल्पर आठवड्याचा पगार हातात घेऊन उभा, जुन्या नोटा, म्हणे मालक याचं करू काय. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की रद्द केलेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त परत आल्या. इथे निर्णय आहे, तारीख आहे, आणि तो निर्णय घ्यायची कोणी जबरदस्ती केली नव्हती. हे खापर बिनधास्त फोड, मी पण हात लावतो.

पण कोविडची घसरण त्याच रांगेत बसवू नकोस. एप्रिल ते जून २०२० मध्ये अर्थव्यवस्था जवळपास २४ टक्क्यांनी आकसली, त्या तीन महिन्यांत कुठल्याही पक्षाचं सरकार असतं तरी खड्डा पडलाच असता, लॉकडाऊन जरा बरा-वाईट झाला असता इतकंच. पडण्याचा दोष वेगळा आणि उठायला उशीर लागण्याचा दोष वेगळा, तू दोन्ही एकाच वाक्यात कोंबलेस. आणि हो, कोविडच्या आधीच, २०१९-२० मध्ये, वाढ चार टक्क्यांच्या आसपास आली होती, गाड्या खपत नव्हत्या, आमच्याकडे आठवड्याला चार दिवस शिफ्ट चालायची. ते वर्ष तुझ्या भाषणात नाहीच, खरं तर तुझा मुद्दा तिथेच सगळ्यात पक्का आहे.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने कंपन्यांचा टॅक्स ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. ऐकायला भारी. पण अंबड-सातपूरमधले बहुतेक छोटे शेड प्रोप्रायटरी किंवा पार्टनरशिप, म्हणजे कागदावर कंपनीच नाहीत, त्यांना त्यातला एक रुपया लागू नव्हता, आणि मोठ्यांना मिळाला त्यांनी तरी नवीन मशीन कशाला घ्यायचं, माल कोण घेणार होतं? २०२० मध्ये पण तेच, बिनतारण कर्जासाठी तीन लाख कोटींची हमी. मी घेतलं ते कर्ज, त्याने माझा शेड वाचला, हे पण लिही, नाहीतर समोरचा उठून विचारेल. पण मला कर्जापेक्षा ऑर्डर हवी होती. लोकांच्या खिशात पैसा नसेल तर कर्जावर मशीन चालवून माल कुठे ठेवायचा, गोदावरीत?

आणि फक्त दिल्लीवर नको थांबूस. इंडस्ट्रीची महाग वीज मुंबईच्या दारात जाते, तिथे कधी हे बसले कधी ते. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासक, म्हणजे रस्त्यासाठी शिव्या घालायला सुद्धा नगरसेवक नव्हता. आणि ४५ दिवसांत छोट्यांचं बिल द्यायचा कायदा २००६ पासून आहे, माझं एक पेमेंट १३० दिवस लटकलं होतं, ते काही कुठल्या मंत्र्याने लटकवलं नव्हतं.

अमेरिकेचा दाखला तू एका ओळीत उडवलास, तो नीट वापर. २००८ ची पडझड बुशच्या काळात, ओबामा आले २००९ च्या जानेवारीत. त्यांच्या अर्थतज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवलं की सरकारी खर्चाचं पॅकेज दिलं तर बेकारी आठ टक्क्यांच्या आसपास थांबेल, पॅकेज दिलं, जवळपास ७८७ अब्ज डॉलरचं, आणि ऑक्टोबरमध्ये बेकारी १० टक्क्यांवर. झालं, तो आठचा आकडा विरोधकांनी पुढे वर्षभर वाजवला. मग २०१० मध्ये त्याच विरोधकांनी हाऊस, म्हणजे तिकडच्या संसदेचं खालचं सभागृह, जिंकलं आणि खर्च कापायचा आग्रह धरला. माझं मत विचारशील तर पॅकेज छोटं होतं हा दोष ओबामांचा, आणि नंतर हात आखडायला लावला हा दोष विरोधकांचा. यातलं एकच सांगणारा माणूस प्रचार करत असतो, जसा तुझा ड्राफ्ट करतोय.

आता कांदा. ८ डिसेंबर २०२३, निर्यातबंदी, लासलगावात लिलाव बंद, चांदवडला रास्ता रोको, मे २०२४ पर्यंत बंदी. जूनच्या लोकसभा निकालात दिंडोरी आणि नाशिक दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या, नोव्हेंबरच्या विधानसभेत त्याच जिल्ह्याने बहुतेक सगळ्या जागा त्यांनाच दिल्या, मध्ये लाडकी बहीणचे पंधराशे आले होते. काय अर्थ लावायचा तो लाव. निर्यातबंदीचा दोष स्पष्ट आहे, पण ती का होते? कारण कांदा साठ रुपयांवर गेला की सिडकोतली तुझी आत्याच सगळ्यात आधी ओरडते, आणि १९९८ ला कांद्याच्या भावावर दिल्ली राज्यातलं सरकार निवडणुकीत हरलेलं कुठलाच पक्ष विसरलेला नाही.

तर पान दोन पूर्ण काढ, २०१९ टाक, कर्जाचं माझं उदाहरण नाव न घेता घाल. रविवारी ये, दहाच्या आत, नंतर मी मिसळ खायला जातो ते दुपारपर्यंत सापडत नाही. २०१७ चं रजिस्टर माळ्यावरून काढून ठेवलंय, कडेला वाळवी लागलीये पण मार्चचं पान अजून वाचता येतं.

तुझा,
काका