नावाची घाई

प्रिय पोरी,

तुझ्या कुंडीत आपोआप उगवलेल्या रोपाचा फोटो मिळाला. झाडं ओळखणारं ॲप आधी धोतरा म्हणालं, मग वांगं, मग टोमॅटो. सासूबाई म्हणतात, उपटून टाक. आणि तू रात्री साडेअकराला विचारतेस, "काका, नक्की काय उगवलंय?"

मला माहीत नाही. एवढ्याशा रोपावरून सांगता येत नाही आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याचं ऐकू नकोस.

फोटोत दिसतात ती दोन लांबट पानं बियांतली दलं आहेत. ती गळून जातात. त्यांच्यानंतर येतात ती खरी पानं. तशी चार येऊ देत. मग खोडावर लव आहे का बघ, पान चुरगाळून वास घे. टोमॅटोचा वास लपत नाही. धोतऱ्याचा वास उग्र, आणि तो सगळाच विषारी, म्हणून नंतर हात धू. तोवर काही चाखायचं नाही. घोळ समजून कुणी दुधी (भोपळा नव्हे, त्या नावाचं तण) खुडते. देठ मोडला की दुधीतून पांढरा चीक येतो, घोळीतून येत नाही. माती कुठली तेही आठव. स्वयंपाकघरातल्या खताची असेल तर टोमॅटो, मिरची, भोपळा, पपई. तारेखालची, पाखरं बसतात तिथली असेल तर काहीही. पण उपटू नकोस. थांब.

का म्हणतो ते सांगतो. १९९७ च्या पावसाळ्यात बेळगावातल्या वडगावच्या घरी कढीपत्त्याच्या बुंध्याशी एक रोप गुडघ्याएवढं झालं होतं. समोरासमोर पानं, चकचकीत, खालून फिकट. रानटी म्हणून मी उपटलं. मुळं सहज येईनात. मण्यांसारख्या बारीक गाठींनी ती कढीपत्त्याच्या मुळांना चिकटलेली होती. ओढून तोडलं. ते चंदन होतं, हे कळायला मला सहा वर्षं लागली. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांतून पाणी-क्षार ओढतं, म्हणून रोपवाटिकेत त्याच्याशेजारी तूर लावतात. बुलबुलाने आणून टाकलेलं चंदन मी कचऱ्यात घातलं.

तेव्हा कर्नाटकात परसातलं चंदनही सरकारचं असे. मालकी जमीनवाल्याकडे आली ती २००१ च्या कायदादुरुस्तीनंतर. तोडायला परवानगी अजूनही लागते. तुझी काकू म्हणते, ओळखलं असतंस तरी फॉरेस्टच्या भीतीने उपटलंच असतंस. नसतं उपटलं.

मोरीच्या भिंतीची भेग तुला तिने दाखवली असेलच. वड, उंबर की पिंपळ हे ठरेपर्यंत थांबलो, हे खरं. पानाला शेपटी फुटून पिंपळ ठरला तेव्हा मूळ विटेत शिरलं होतं. पण त्या भिंतीला आधीपासूनच ओल होती.

एकच सूट देतो: गाजरगवत. त्याची पानं कोवळेपणी शेवंतीसारखी दिसतात, तरी फूल येण्याआधी हातमोजे घालून काढ. एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच. शेजारच्या अक्का त्याला कानडीत काँग्रेस गिडा म्हणतात, आपण काँग्रेस गवत. निदान इथे तरी दोन्ही भाषांचं एकमत आहे! बाकी १९५६ पासून आपण वाद घालतोय. २०१४ ला पाटी बदलून बेळगावी झाली, तरी घरात बेळगावच म्हणतो. गावाच्या नावाला इतकी वर्षं दिली, मग तुझ्या कुंडीला पंधरा दिवस द्यायला काय हरकत आहे?

सासूबाईंना सांग, काकांनी थांबायला सांगितलंय. रागावल्या तर माझ्यावर रागावू देत.

कुंडीत काडी रोव, तिच्यावर आजची तारीख लिही. चौथं पान आलं की फोटो पाठव, पानाच्या पाठीचाही. ॲपचं उत्तर पाठवू नकोस.

तुझा,
काका