क्लच कव्हरला चिकटलेलं जुनं पॅकिंग कसं काढावं?

तुम्ही विचारलंत की जुन्या स्प्लेंडरचं क्लच कव्हर उघडलं, तर अर्धं पॅकिंग (कव्हर आणि इंजिनच्या मधलं, तेल अडवणारं गॅस्केट) कव्हरला आणि अर्धं इंजिनला घट्ट चिकटून राहिलंय. मिस्त्री म्हणतो पेचकसाने खरवडून टाका, तर खरवडावं का?

अजिबात नको. मी इंदुरात मालवा मिलकडे गॅरेज चालवतो. कव्हरमधून तेल गळतंय म्हणून ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं पॅकिंग नवंकोरं असतं. खराब झालेला असतो तो धातूचा फेस, म्हणजे पॅकिंग जिथे टेकतं तो सपाट पृष्ठभाग. कव्हर आणि केसिंग (इंजिनाचं बाहेरचं कवच) दोन्ही अॅल्युमिनियमची, पेचकस पोलादी. फेसच्या कडेला समांतर गेलेला ओरखडा एकवेळ चालून जातो, पण आतून बाहेर आडवा गेलेला एकच ओरखडा म्हणजे तेलाला वाटच. पॅकिंग स्वस्तात मिळतं, केसिंग नाही.

आधी चिकटलंय ते काय आहे, ते नखाने दाबून बघा. रबरासारखं दबलं तर मागच्या मिस्त्रीने सिलिकॉनचा बॉन्ड (फटी बुजवणारी चिकट पेस्ट) लावलाय. तो पेट्रोलने विरघळत नाही, प्लॅस्टिकच्या कडेने सोलूनच काढावा लागतो. नख टेकलं तरी हलत नसेल तर ते तेल पिऊन आणि तापून वाळलेलं कागदी पॅकिंग आहे, आणि त्याला भिजवल्याशिवाय हात लावू नका.

भिजवायला जेलीसारखा पेंट रिमूव्हर घ्या, सियागंजात रंग-हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. त्याआधी इंजिनाच्या उघड्या बाजूला क्लच, ऑइल पंप आणि खालची जागा स्वच्छ सुती कापडाने गच्च झाकून घ्या. आत पडलेला कण तेलाबरोबर फिरतो, आणि रिमूव्हरचा थेंब रबरी सील किंवा क्लच प्लेटवर गेला तर वेगळंच काम निघेल. कव्हरमधलं किक शाफ्टचं सीलही त्यापासून लांब ठेवा. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा हवीच. रिमूव्हर लावल्यावर वरून गरम हवा अजिबात मारू नका, त्याची वाफ तापली की विषारी होते.

जाडसर थर लावा, वर प्लॅस्टिकची पिशवी अंथरा म्हणजे तो सुकणार नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. पॅकिंगचा रंग गडद होतो, कडा फुगून उचलायला लागतात. आता पितळेची पट्टी घ्या. तिची धार कानशीने सरळ करून घ्या आणि ती फेसवर जवळजवळ आडवी धरून पुढे सरकवा. नीट भिजलं असेल तर करड्या लगद्याच्या गुंडाळ्या निघत जातात. पट्टी अडली की जोर लावू नका, पुन्हा रिमूव्हर लावा. दोन-तीन खेपा लागतात, आणि हेच खरं काम आहे. डॉवेल पिनांच्या (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्यांच्या) भोवती आणि बोल्टच्या भोकांच्या कडेला थोडं राहतंच, तिथे घासून बोथट केलेली बांबूची काडी चालते.

दोन गोष्टी मी गॅरेजात करू देत नाही. एक, ड्रिलला लावून फिरवायची घासणीची चकती. तिच्यातून झडणारी धूळ अॅल्युमिनियम ऑक्साइडची असते आणि ती तेलात गेली की बेअरिंग खाते. दुसरी, कॉस्टिक सोडा. तो अॅल्युमिनियमच खातो आणि वर हायड्रोजन सोडतो.

राजदूत, येझदी किंवा जुनी बुलेट असती तर आणखी एक सांगितलं असतं. त्या काळच्या पॅकिंगांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. म्हणून कोरडं घासणं नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही, सगळं ओलं ठेवून काढायचं आणि कचरा पिशवीत बांधून टाकायचा.

फेस साफ झाला की जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, डिझेल टाकून कव्हर हलक्या हाताने फिरवा. सगळीकडे सारखा चमकला तर फेस सरळ आहे, मधेच काळपट पट्टा राहिला तर तिथे खोलगा आहे. हे फक्त सुट्या कव्हरचं, इंजिनाच्या बाजूचं नाही. मग कव्हर धुवा, कापडं सांभाळून बाहेर काढा आणि दोन्ही फेस थिनरने पुसा.

नवं पॅकिंग बॉन्डशिवाय बसवा, एका बाजूला बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी ते चिकटणार नाही. आठच्या पान्याचे ते बोल्ट ६ मिलिमीटरचे आहेत, १० न्यूटन मीटरच्या आसपासच घट्ट करा आणि समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. तेल भरून इंजिन तापवा आणि कव्हरच्या खालच्या कडेवर कोरडा कागद फिरवून बघा. डाग आला तर बोल्ट आणखी आवळू नका, कव्हर पुन्हा उघडा.