वाचकांचे प्रश्न : गाडीत अ‍ॅम्प्लिफायर कुठे बसवावा?

प्रश्न : माझी गाडी लहान हॅचबॅक आहे. चार चॅनेलचा, प्रत्येकी ७५ वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा) अ‍ॅम्प्लिफायर घेतला आहे. डिक्की सामानासाठी मोकळी ठेवायची आहे. पुढच्या सीटखाली बसवला तर चालेल का?

चालेल. मात्र तुमचा अ‍ॅम्प कोणत्या क्लासचा, म्हणजे आतल्या सर्किटच्या कोणत्या प्रकारचा, आहे ते आधी पाहा, कारण जागेचा निर्णय मुख्यतः उष्णतेवर होतो. वायर कुठेही नेता येते, कोंडलेली उष्णता मात्र बाहेर नेता येत नाही. क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरली, तर एकूण ३०० वॅट आवाजासाठी देताना तो सुमारे ७५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. क्लास एबीची ५५ टक्के धरली, तर तेवढ्याच आवाजाला २४५ वॅट उष्णता होते. गाणी ऐकताना अ‍ॅम्प सतत पूर्ण ताकदीवर चालत नाही हे खरं, पण दोन्ही क्लासमधला फरक कायम राहतो. सीटखालची जागा क्लास डीसाठी उत्तम आहे. मोठ्या क्लास एबीला तिथे बसवू नका.

माप घेताना सीट सर्वांत खाली आणा आणि वर जड माणूस बसवा. सीटच्या स्प्रिंगा दबल्यावर उरते तीच खरी उंची. अ‍ॅम्पच्या वर किमान अडीच सेंटिमीटर आणि बाजूंना पाचेक सेंटिमीटर मोकळं राहायला हवं. मग सीट रुळावर पूर्ण पुढे-मागे सरकवून पाहा. रुळाची पट्टी, मोटर किंवा लोंबणारी वायर कशालाही घासता कामा नये.

सीटखाली पिवळ्या वेष्टनातल्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले, तर त्या एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेच्या आहेत. त्यांना हात लावू नका, अ‍ॅम्पच्या वायरी त्यांना बांधू नका. काही गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी हीटरची हवा सीटखालूनच सोडलेली असते. त्या तोंडासमोर अ‍ॅम्प ठेवला, तर हीटर चालू असताना तो गरम हवेत भाजत राहतो. आणि कार्पेटवर थेट ठेवू नका. ओल्या बुटांचं आणि सांडलेल्या बाटलीचं पाणी तिथेच साचतं. खाली दोन सेंटिमीटरचे स्पेसर द्या.

प्रश्न : सबवूफरच्या खोक्याला सपाट पाठ आहे. अ‍ॅम्प तिथेच स्क्रूने बसवला तर वायरही वाचेल. काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. खोक्याचा प्रत्येक पृष्ठभाग बेसच्या ठोक्याबरोबर थरथरतो. ही थरथर अ‍ॅम्पमधल्या जड भागांना, म्हणजे मोठे कपॅसिटर आणि गुंडाळीचे ट्रान्सफॉर्मर यांना, त्यांच्या पायांवर सतत हलवत राहते. काही काळाने सोल्डरचे जोड तडकतात. मग आवाज मधेच जातो, अ‍ॅम्पवर थाप मारली की परत येतो, आणि दोष शोधणं फार अवघड होऊन बसतं. टर्मिनलचे स्क्रूही ढिले होतात. शिवाय आरपार गेलेल्या स्क्रूच्या भोकातून खोक्याची हवा गळते आणि बेस बिघडतो. दोन फूट स्पीकर वायर वाचवण्यासाठी हे करू नका.

प्रश्न : मागच्या काचेखालच्या फळीला खालून उलटा टांगला तर?

नको. पंख्यांशिवायच्या अ‍ॅम्पमधली गरम हवा आपोआप वर जाते. उलटा टांगला की ती फळीखाली, अ‍ॅम्पच्याच अंगाशी साचून राहते. आडवा, सरळ बसवा किंवा उभा बसवा. उभा बसवताना हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्या खालून वर जातील असं पाहा, म्हणजे त्यांच्या मधून हवा चढते.

प्रश्न : डिक्कीत, मागच्या सीटच्या पाठीवर बसवायचा आहे. पत्र्याला थेट स्क्रू मारू की मध्ये फळी घालू?

फळी घाला. १२ मिलिमीटरचं प्लायवुड पुरतं. अ‍ॅम्प आधी फळीवर बसवा, मग फळी सीटच्या चौकटीला. असं केल्याने अ‍ॅम्पचं धातूचं अंग गाडीच्या बॉडीपासून वेगळं राहतं. त्याला ग्राउंड, म्हणजे मायनसची जोडणी, एकाच वायरीतून मिळते आणि स्पीकरमध्ये गुणगुण येण्याची एक वाट बंद होते. शिवाय उद्या अ‍ॅम्प बदलला तरी पत्र्याला नवी भोकं पडत नाहीत. अ‍ॅम्पचे स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा लांब नकोत, नाहीतर टोकं सीटच्या फोममध्ये शिरतील. सीट दुमडणारी असेल, तर सर्व वायरींना बिजागरीजवळ सैल वळसा ठेवा आणि सीट पूर्ण पाडून ताण येतो का ते पाहा.

डिक्कीच्या तळाला भोक पाडण्याचा मोह टाळा. पाडायचंच असेल, तर आधी गाडीखाली शिरून वर काय आहे ते पाहा. इंधनाची टाकी, इंधनाच्या नळ्या आणि ब्रेकच्या नळ्या याच भागातून जातात. ड्रिल बिटच्या टोकापासून एक सेंटिमीटरवर जाड चिकटपट्टी गुंडाळली, तर बिट खोल घुसत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या तळाला मात्र भोक पाडूच नका. तिथे मुख्य बॅटरी असते, आणि नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात.

प्रश्न : अ‍ॅम्प डिक्कीत गेला तर बॅटरीपासूनची वायर पाच मीटर होते. ताकद कमी पडेल का?

जाडी योग्य असेल तर नाही. तुमचा अ‍ॅम्प ४० अँपिअर ओढत असेल, तर पाच मीटर शुद्ध तांब्याच्या ४ गेज वायरीत (सुमारे २१ चौरस मिलिमीटर) ०.१६ व्होल्टच्या आसपास दाब पडतो. त्याहून बारीक ८ गेजमध्ये तोच ०.४ व्होल्टच्या पुढे जातो. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीचा रोध साधारण दीडपट असतो. ती घेतलीच तर एक माप जाड घ्या.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कोणीही वाचवू शकत नाही. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

ग्राउंड वायर प्लसच्याच जाडीची आणि अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. जिथे जोडाल तिथला रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करा. रिंग लग आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा, म्हणजे गंज चढणार नाही. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही सोडवू नका. आरसीए केबल (म्युझिक सिस्टिमकडून आवाजाचा सिग्नल आणणारी) पॉवर वायरीच्या विरुद्ध बाजूने न्या. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर पहिली शंका ग्राउंडवर घ्या.

प्रश्न : स्टेपनीच्या खळग्यात बसवता येईल का?

येतो, पण आमचा कौल विरुद्ध आहे. डिक्कीच्या रबराला जराशी गळती असली की पाणी पहिलं तिथेच उतरतं, आणि वरून झाकण लावलं की हवा बंद.

प्रश्न : सर्व बसवलं. मोठ्या आवाजात अर्ध्या तासाने अ‍ॅम्प बंद पडतो, थोड्या वेळाने परत सुरू होतो. जागा चुकली का?

बंद पडताच अ‍ॅम्पला हात लावा. हात टेकवून ठेवता येत नसेल, तर तो उष्णतेमुळे बंद होतो आहे. आधी झाकण किंवा अंगाशी चिकटलेलं कार्पेट काढून पाहा. फरक पडला तर जागा बदला किंवा १२ व्होल्टचा छोटा पंखा रिमोट वायरीने (म्युझिक सिस्टिमबरोबर अ‍ॅम्प चालू करणाऱ्या वायरीने) चालणाऱ्या रिलेवर जोडा. त्याची हवा पात्यांच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाकडे जावी. मात्र स्पीकरचा रोधही तपासा. दोन चार-ओहमचे स्पीकर समांतर जोडले की दोन ओहम होतात, आणि ब्रिज केलेल्या (दोन मिळून एक केलेल्या) चॅनेलला बहुतेक अ‍ॅम्पमध्ये किमान चार ओहम लागतात.

अंग थंड असताना, बेसच्या ठोक्याला बंद पडत असेल, तर इंजिन चालू ठेवून मोठ्या आवाजात बॅटरीवर आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त निघाला, तर मल्टिमीटरचं एक टोक अ‍ॅम्पच्या ग्राउंडला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. इथे मोठा आकडा आला, तर ग्राउंडचा जोड पुन्हा घासा. न आल्यास प्लसची वायर, फ्यूजचा होल्डर आणि लग एकेक करून तपासा.