आईची एफडी, मावशीची टेस्ट आणि भावाचा टॅक्स

नाशिकहून एका शिक्षिकेनं विचारलंय: आई गेल्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. मावशीला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला होता, ती आता बरी आहे. आईच्या एफडीचे ५ लाख हातात आलेत. आनुवंशिक कॅन्सरचा धोका असलेल्या घरांना टेस्ट आणि समुपदेशनासाठी मदत करणाऱ्या एका संस्थेला ते सगळे आईच्या नावानं द्यावेत का? भाऊ म्हणतो, टॅक्सही वाचेल. वय ४१, पगार वर्षाला ९ लाख, मुलगी १४ वर्षांची. आरोग्य विमा फक्त शाळेचा, ३ लाखांचा.

ताई, आधी भावाचं. टॅक्स एक रुपयाही वाचणार नाही. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर कर शून्यच आहे, आणि देणगीवरची ८०जीची सवलत तिथे मिळतच नाही. जुन्या प्रणालीत गेलात तरी ५ लाखांपैकी जेमतेम ८५ हजार धरले जातील आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत त्यातल्या निम्म्याचीच वजावट मिळेल. त्यासाठी उलट कर भरत बसाल. द्यायचे तर आईसाठी द्या, टॅक्सचं नाव काढू नका.

मला खटकलं ते वेगळंच. ती संस्था ज्या घरांसाठी झटते, त्यातलंच एक तुमचं असू शकतं, आणि पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष आईकडे असेल, तर तो तुमच्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी. भावाचीही तेवढीच, हे त्याला सांगा.

म्हणून आधी विमा. शाळेतली नोकरी सुटली की शाळेची पॉलिसी गेली. स्वतःची, निदान १० लाखांची घ्या आणि प्रपोजल फॉर्ममध्ये आई-मावशीचा आजार स्पष्ट लिहा. एजंट ‘राहू द्या हो’ म्हणाला तरी लिहा. आजार आनुवंशिक आहे एवढ्याच कारणावर क्लेम नाकारू नका, असं २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर विमा नियामक इर्डानं कंपन्यांना बजावलंय. लपवलेल्या माहितीला मात्र ते संरक्षण नाही. आजार होऊ नये म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

पॉलिसी हातात आल्यावर टेस्ट, आणि तीही आधी मावशीची. तिच्यात दोष सापडला, तर तुमच्यात नेमका तेवढाच तपासायचा, खर्चही बराच कमी. उलट तिला सोडून फक्त तुमची केली आणि रिपोर्ट चांगला आला, तरी शंका उरतेच. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे, तिथे समुपदेशकाशी बोला. मुलीची टेस्ट आत्ता नको. सज्ञान झाल्यावर तिचं ती ठरवेल.

आता पैसे. १ लाख संस्थेला आजच द्या, तुमच्या मनाला तेवढं हवं आहे. १ लाख प्रीमियम आणि टेस्टसाठी ठेवा. उरलेले ३ लाख रिपोर्ट येईपर्यंत एफडीतच राहू द्या. रिपोर्ट चांगले आले, तर दरवर्षी थोडे थोडे देत राहा. समुपदेशकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, त्यामुळे संस्थेलाही ते सोयीचं. मात्र पहिला चेक देतानाच विचारा: टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या बाईच्या पुढच्या एमआरआयचं, ऑपरेशनचं तुम्ही काय करता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघा.

आणि आईची फाईल रद्दीत टाकू नका. बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, हॉस्पिटलात अजून आहेत का, याच आठवड्यात फोन करून विचारा; आईत दोष होता का, हे त्यांवरून तपासता येऊ शकतं.