येशू जन्मायच्या आधीच जग होतं, मग ख्रिश्चन लोक त्याला निर्माता कसं म्हणतात?

कारण त्यांच्या मते येशू बेथलेहेमात 'सुरू' झालाच नाही, तिथे तो फक्त माणूस म्हणून जन्मला. बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनावरचं पुस्तक) उघडून बघा, सुरुवात गोठ्यापासून नाही तर थेट 'प्रारंभी शब्द होता' इथून होते, तो शब्द देव होता आणि जे काही झालं ते त्याच्याद्वारे झालं असं तिसऱ्या ओवीपर्यंत सांगून टाकलंय, आणि चौदाव्या ओवीत तोच शब्द देही झाला म्हणजे येशू. म्हणजे पिता (देव) निर्माण करतो तो पुत्राद्वारे (येशूद्वारे), दोन वेगळे देव नाहीत.

आता खरी गोची बायबलमधल्याच कलस्सैकरांस पत्रात आहे. तिथे (1:15) त्याला सगळ्या सृष्टीत 'ज्येष्ठ' म्हटलंय, त्यावरून एरियस नावाचा अलेक्झांड्रियाचा पाळक म्हणायचा की बघा, पुत्रही निर्माण केलेलाच, फक्त पहिला नंबर. यहोवाचे साक्षीदार नावाचा पंथ आजही साधारण तेच मानतो. पण बायबलच्याच स्तोत्र 89 मध्ये दावीद राजालाही देव ज्येष्ठ करीन म्हणतो आणि दावीद तर इशायाचा धाकटा मुलगा! म्हणजे 'ज्येष्ठ' हा शब्द मानाचा आहे, जन्मक्रमाचा नाही, मला तरी हे पटतं. शिवाय पुढच्याच ओवीत सगळं त्याच्यात निर्माण झालं असं आहे, मग तो स्वतः त्या 'सगळ्यात' कसा बसेल?

325 साली निकिया इथल्या बिशपांच्या परिषदेने एरियसचं म्हणणं फेटाळलं, पुत्र 'जनित आहे, निर्मित नाही' (पित्यापासून जन्मलेला, घडवलेला नाही) असं मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात, घातलं. भांडण मात्र तिथे मिटलं नाही, पुढे कितीतरी वर्षं चाललं.