सोलरच्या आधी गच्ची आणि भिंतींचं बघा

तुम्ही विचारलंय की अकोल्यात दुमजली घर बांधतोय, ते ‘ग्रीन’ व्हावं म्हणून सोलर सोडून आणखी काय करता येईल. मी वऱ्हाडातच बांधकामं करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: सोलर पाच वर्षांनीही बसवता येईल, भिंती मात्र एकदाच उभ्या राहतात.

मेच्या २४ तारखेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दुपारचा सगळा मारा गच्चीवर. तिथे टाइलच्या पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या, पांढरा रंग ऊन परतवतो. बजेट नसेल तर दरवर्षी होळीच्या सुमारास चुना मारा. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला पुरत नाही. त्या बाजूला जिना, बाथरूम, कोठी टाका. बेडरूम अजिबात नको.

भिंतींसाठी ‘रॅट ट्रॅप बाँड’ या वीट रचायच्या पद्धतीचा आग्रह धरा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही जुडाई रुजवली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, की नऊ इंची भिंतीत मधे तीन इंच पोकळी राहते. विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि बाहेरची उष्णता आत यायला वेळ लागतो. आपल्या काळ्या मातीत कॉलम-बीमचा सांगाडा बहुधा लागेलच, त्यात ही भिंत छान बसते. विटा मात्र एकसारख्या मापाच्या हव्यात. फ्लाय ॲशच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या घ्या. पारसच्या वीज केंद्राची राख तुमच्याच जिल्ह्यात आहे. मिस्त्री म्हणेल, “साहेब, भिंत पोकळ राहील.” त्याच्याकडून आधी कंपाउंडची भिंत याच पद्धतीने बांधून घ्या, हात बसेल. कोपरे आणि दारं-खिडक्यांच्या कडा भरीव ठेवायच्या. वायरिंगचे पाइप कुठून जाणार ते जुडाईआधीच ठरवा, नंतर पाइपसाठी भिंतीत झिरी (खाच) मारली की पोकळी उघडी पडते.

सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) घ्या. त्यात राख असते, म्हणजे तेवढं क्लिंकर, सिमेंटचा भाजलेला मूळ माल, कमी. क्लिंकरसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजतात. त्यात इंधन जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा आणि खुद्द चुनखडीतून सुटणारा वेगळा. पण या सिमेंटला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. आपल्या कोरड्या हवेत ओली पोती टाकून १४ दिवस तरी. एप्रिल-मेमध्ये एवढं पाणी मिळणं मुश्कील, तेव्हा काँक्रीटची कामं दिवाळी झाली की लगेच काढा.